दोन याद्यांतील फरक : पीएचपीमधील अ‍ॅरेंची तुलना

इतिहासाच्या शिक्षकाने संगणकाच्या भाषेवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु एकाच कागदाच्या दोन नकला समोर ठेवून त्यांतील पाठभेद शोधणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे नित्याचे काम आहे, आणि प्रस्तुत विषय त्याहून फारसा निराळा नाही.

पीएचपी ही भाषा रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली सर्वांसाठी खुली केली. तीत यादीला ‘अ‍ॅरे’ म्हणतात. ‘असोसिएटिव्ह अ‍ॅरे’ म्हणजे जिच्यातील प्रत्येक मूल्याला ओळखीची एक किल्ली जोडलेली असते अशी यादी. आपल्या वसतिगृहाचे रजिस्टर डोळ्यांसमोर आणावे : नोंदणी क्रमांक ही किल्ली, विद्यार्थ्याचे नाव हे मूल्य. आता समजा, एक यादी या रजिस्टरवरून तयार झाली आणि दुसरी शिष्यवृत्तीच्या भरलेल्या अर्जांवरून. पहिलीत आहे पण दुसरीत नाही, असा विद्यार्थी कोण? एखाद्या घरचा वर्षाचा खर्च या उत्तरावर अवलंबून असतो.

यासाठी भाषेत तयार फंक्शने आहेत. ‘अ‍ॅरे_डिफ’ केवळ मूल्ये पाहते. क्रमांक ४१ ची सुजाता आणि ४२ चा राहुल यांच्या नावांची अदलाबदल झाली असली, तरी ते मौन पाळते. दोन्ही नावे कोठेतरी आहेत, एवढे त्याला पुरते. ‘अ‍ॅरे_डिफ_की’ केवळ किल्ल्या पाहते, तर ‘अ‍ॅरे_डिफ_असॉक’ किल्ली आणि मूल्य यांची जोडी पाहते. या तिन्ही फंक्शनांचे उत्तर एकमार्गी असते : पहिल्या यादीतील जे दुसरीत नाही, तेवढेच हाती येते. दुसरीत घुसलेले जादा नाव हवे असेल, तर याद्यांचा क्रम उलटवून फंक्शन पुन्हा चालवावे लागते. हा दुसरा फेरा बहुतेक जण विसरतात.

खरी मेख मात्र पुढे आहे. ‘अ‍ॅरे_डिफ_असॉक’ मूल्यांची तुलना करताना त्यांना आधी अक्षररूप देते. ‘नल’ म्हणजे काहीच न नोंदलेले, आणि ‘फॉल्स’ म्हणजे स्पष्ट नकार. अक्षररूप दिल्यावर दोन्ही रिकामी होतात, म्हणून फंक्शनच्या लेखी ती एकच. ‘अर्ज करायचा आहे का?’ असे एका मुलाला विचारलेच नाही, दुसऱ्याला विचारले आणि तो नाही म्हणाला. या दोन नोंदींतील फरक येथे पुसला जातो. कागद उपलब्ध नसणे आणि कागदावर ‘नाही’ लिहिलेले असणे हे दोन वेगळे पुरावे आहेत, हे इतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगावे लागते. (‘इसेट’ हे फंक्शनही याच जातीचे : किल्ली असूनही तिचे मूल्य ‘नल’ असेल, तर ते ‘नाही’ म्हणते. किल्लीचे अस्तित्व तपासायला ‘अ‍ॅरे_की_एक्झिस्ट्स’ वापरावे.)

यादीच्या आत यादी असली, की अनर्थ वाढतो. एका क्रमांकासमोर नाव, इयत्ता व बँक खाते अशी छोटी यादी ठेवली, तर तिचे अक्षररूप केवळ ‘अ‍ॅरे’ हा शब्द होतो. मग त्या क्रमांकापुढील खाते बदललेले असले, तरी दोन्ही नोंदी सारख्याच ठरतात. भाषा इशारा देते खरी. परंतु ज्या सर्व्हरवर इशारे पडद्यावर दाखवणे बंद केलेले असते, तेथे तो कोणाच्या दृष्टीस पडणार?

अशा वेळी ‘अ‍ॅरे_यूडिफ_असॉक’ घ्यावे. त्याला तुलनेचा नियम आपण पुरवतो : दोन मूल्ये तीन बरोबर-चिन्हांच्या कसोटीला उतरली तर शून्य, एरवी एक. दोन बरोबर-चिन्हांची कसोटी सैल आहे. तिला ‘नल’ व ‘फॉल्स’ समान वाटतात. तीन चिन्हांची कसोटी प्रकार पाहते आणि आतील नोंदींचा क्रमही पाहते. म्हणून आतील याद्या आधी ‘केसॉर्ट’ने किल्ल्यांच्या क्रमाने लावून घ्याव्यात, नाहीतर केवळ रकाने मागेपुढे झाल्याने सगळेच विद्यार्थी वेगळे दिसतील.

किल्ल्यांबाबतही एक दक्षता हवी. एका कारकुनाने ‘४१’ लिहिले आणि दुसऱ्याने ‘०४१’, तर पीएचपीला त्या दोन भिन्न किल्ल्या वाटतात. एका यादीत मराठी अंक व दुसरीत इंग्रजी अंक असतील, तरीही तोच प्रकार. क्रमांकामागे चुकून एक मोकळी जागा राहिली, तरी मूल दोनदा गणले जाते : एकदा हरवलेले म्हणून आणि एकदा आगंतुक म्हणून. तेव्हा तुलनेपूर्वी सर्व क्रमांक एकाच लिपीत आणावेत, आरंभीची शून्ये काढावीत, ‘ट्रिम’ने मोकळ्या जागा छाटाव्यात, आणि मगच दोन्ही बाजूंनी फरक काढून ती नावे वर्गशिक्षकांच्या हाती द्यावीत.