‘सर्ज’ : शब्दाचे मूळ आणि अर्थ

आकस्मिक वाढीसाठी आपण वैद्यकीय मंडळी ‘सर्ज’ हा इंग्रजी शब्द सर्रास वापरतो. स्त्रीबीज बाहेर पडण्यापूर्वी एल.एच. संप्रेरकाचा सर्ज येतो; साथीच्या काळात रुग्णांचा येतो.

या शब्दाचे मूळ लॅटिन ‘सुर्गेरे’, म्हणजे वर उठणे. ‘सुब्’ (खालून) आणि ‘रेगेरे’ (सरळ नेणे) यांपासून ते बनले. ‘रेगेरे’चे दूरचे नाते आपल्या ‘ऋजु’शी आहे. इंग्रजीत आरंभी ‘सर्ज’ म्हणजे झरा. पुढे मोठी लाट आणि त्यानंतर आकस्मिक वाढ, असा अर्थविस्तार झाला. ‘सोर्स’ व ‘रिसरेक्शन’ हे त्याचे सगोत्र. शल्यविशारद या अर्थाचा ‘सर्जन’ मात्र ‘हस्तकर्म’ अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला, तर निर्मिती या अर्थाचे संस्कृत ‘सर्जन’ ‘सृज्’ धातूपासून. येथे केवळ उच्चारसाम्य आहे.

मराठीत ‘सर्ज’ला सर्वांत जवळचा शब्द ‘उधाण’. उधाणामागे ओहोटी येतेच, असे आपण गृहीत धरतो.

भोपाळचा अनुभव मात्र निराळा आहे. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायूची गळती झाली आणि काही तासांतच हमीदिया रुग्णालयात हजारो रुग्ण लोटले. या वायूवर विशिष्ट उतारा ठाऊक नव्हता. रुग्णांची ती लाट ओसरली. फुप्फुसांचे व डोळ्यांचे विकार मात्र अनेकांना जन्मभर पुरले.

म्हणून ‘सर्ज ओसरला’ अशी नोंद करताना, किनाऱ्यावर मागे काय राहिले, हेही वैद्याने पाहिले पाहिजे.