ट्रॉमा सर्जन व्हायचं तर

२०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांनी १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं नेली. त्यामुळे बारावीतली मुलगी “मला ट्रॉमा सर्जन व्हायचंय” म्हणाली, तर घाबरून विषय बदलू नका. तिला हे काम नीट समजू द्या.

जखमी माणूस कॅज्युअल्टीत आला की तपासणीचा क्रम ठरलेला असतो. मान स्थिर ठेवून आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्तस्राव, मग शुद्ध, आणि शेवटी कपडे काढून सर्वांगाची तपासणी. हाड कितीही भयंकर मोडलेलं दिसो, श्वास आधी. १९७६ साली अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद जेम्स स्टायनर यांचं विमान नेब्रास्कात कोसळलं. पत्नी गेली. जखमी मुलांवरचे उपचार पाहून ते अस्वस्थ झाले आणि त्यातूनच हा क्रम शिकवणारा अभ्यासक्रम उभा राहिला. आज तो जगभर शिकवला जातो.

पुढचं काम ओटीतलं. पोटात प्रचंड रक्तस्राव असेल, तर सर्जन सगळं एकाच वेळी दुरुस्त करायला जात नाही. रक्त थांबवायचं, फाटलेलं आतडं तात्पुरतं बंद करायचं, रुग्णाला आयसीयूत न्यायचं. उरलेली शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांनी. अंग थंड पडलंय, रक्त गोठेनासं झालंय, अशा शरीराला लांबलेली शस्त्रक्रिया सोसत नाही. हात कुठे आवरायचा हे कळणं, माझ्या मते, या शाखेतलं सर्वांत अवघड शिक्षण आहे.

वाट लांब आहे. नीट, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमएस जनरल सर्जरी, मग तीन वर्षांचं एमसीएच. दिल्लीच्या एम्समध्ये त्याची सोय आहे, पण जागा मोजक्याच. तिशी सहज येते. मात्र इंटर्नशिपपासून विद्यावेतन मिळतं, हे पालकांनी हिशेबात धरावं.

रात्रपाळ्या मुलीला झेपतील का, हा प्रश्न मुलाबद्दलही तितक्याच काळजीने विचारा. रक्त पाहून पहिल्यांदा भोवळ आली म्हणून कुणी बाद होत नाही. थकलेलं असताना चिडचिड न करता टीमचं ऐकता येतं का, ते पाहा. सर्जरी नकोशी वाटली तर इमर्जन्सी मेडिसिनमधली एमडी, भूलशास्त्र, नर्सिंग, पॅरामेडिकल अभ्यासक्रम आहेतच. यांच्याशिवाय ट्रॉमा सर्जन एक रुग्णही वाचवू शकत नाही.

आणि एमएससाठी कॉलेज निवडताना इमारतीच्या झगमगाटाकडे पाहू नका. तिथल्या कॅज्युअल्टीत रोज किती जखमी येतात, ते तिथल्या निवासी डॉक्टरांना विचारा.