नायट्रिक ऑक्साइड आणि प्रतिपिंडांची पारख

मैसूर जिल्ह्यातील बैलकुप्पे येथे 1960 च्या दशकाच्या प्रारंभी तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. विरळ हवेच्या पठारावरून हजार मीटरांहून कमी उंचीवर आलेल्या या समाजाची शरीरक्रिया अभ्यासण्याजोगी आहे. 4,200 मीटर उंचीवरील तिबेटींच्या रक्तात नायट्रिक ऑक्साइडजन्य घटक समुद्रसपाटीवरील लोकांपेक्षा दहापटींहून अधिक असल्याचे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. हा वायू रक्तवाहिन्या रुंदावतो.

तो निर्माण करणाऱ्या विकराचे तीन मुख्य प्रकार आहेत : चेतापेशींतील, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील आणि संसर्ग वा दाहाच्या वेळी निर्माण होणारा. केवळ वायू मोजून त्याचा उगम कळत नाही. त्यासाठी विशिष्ट प्रकारालाच चिकटणारी प्रतिपिंडे वापरतात. मात्र तिन्ही प्रकारांची रचना मिळतीजुळती असल्याने सदोष प्रतिपिंड भलत्याच प्रथिनाला चिकटू शकते. म्हणून संबंधित जनुक काढून टाकलेल्या उंदराच्या ऊतीवर त्याची परीक्षा घेतात. तेथे खूण उमटता कामा नये. शिवाय प्रतिपिंड विकराचे अस्तित्व दाखवते, त्याची कार्यशीलता नव्हे.

प्रतिपिंडाच्या किमतीबरोबरच या परीक्षेचा खर्चही संशोधनाच्या अंदाजपत्रकात धरला पाहिजे. अन्यथा सार्वजनिक निधी आणि छोट्या समाजाने विश्वासाने दिलेले रक्तनमुने, दोन्ही वाया जातील.