बैठा डाव

सायंकाळी वर्धा जिल्ह्यातील एखाद्या गावच्या शाळेकडे गेले, तर पटांगण खेळांनी फुललेले दिसते. कुठे कबड्डीचा दम घुमत असतो, तर कुठे खो-खोचा डाव रंगात आलेला असतो. परंतु कडुलिंबाच्या सावलीत एखादा मुलगा इतरांची दप्तरे सांभाळीत बसलेलाही आढळतो. त्याच्या पायांत बळ नसते. सवंगडी त्याला गुण मोजावयास सांगतात. त्यांचा हेतू चांगला असतो; तथापि गुण मोजणे म्हणजे खेळणे नव्हे. ज्याला हरता येत नाही आणि जिंकताही येत नाही, तो खेळाबाहेरच राहतो.

वस्तुतः बसून खेळण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. सागरगोटे, वाघबकरी, कवड्यांचा पट हे सारे बैठे खेळ होत. आजी आणि नात पटाशी समोरासमोर बसल्या, की आजीच्या दुखऱ्या गुडघ्यांची अडचण उरत नसे. बसून केलेल्या कामाचे मोलही वर्ध्याला ठाऊक आहे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये येथेच भरलेल्या शिक्षण परिषदेत, हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण द्यावे, हा गांधीजींचा विचार चर्चिला गेला. टकळीवर सूत कातणारे मूल एका जागी बसलेले असते. परंतु त्याचा हात, डोळा आणि मन ही तिन्ही जागी असतात.

बैठा खेळ दुबळ्यांचा, असे मात्र कोणी समजू नये. २९ जुलै १९४८ रोजी इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी जायबंदी सैनिकांसाठी धनुर्विद्येचा सामना भरविला. सोळा स्त्रीपुरुषांनी चाकांच्या खुर्चीत बसून बाण सोडले. पॅरालिम्पिक स्पर्धांचा उगम तोच.

पुढे यंत्रांचे खेळ आले आणि जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. २०१० साली निघालेल्या एका खेळयंत्राचा कॅमेरा खेळाडूच्या शरीराचे वीस बिंदू टिपीत असे. माणसाने उडी मारली, की पडद्यावरील आकृतीही उडी मारी. परंतु बसलेला माणूस त्या यंत्राला नीट ओळखता येईना. २०१२ साली केवळ वरच्या अंगाचे दहा बिंदू टिपणारी बैठी पद्धत निघाली. तरी हात उचलण्याचे बळ लागेच.

स्पर्शपटाची गोष्ट निराळी. त्याच्या काचेत विद्युत्वाहक असा पारदर्शक थर असतो. बोट टेकताच तेथील विद्युत्भार किंचित बदलतो आणि यंत्राला स्पर्शाची जागा कळते. जोर लावावा लागत नाही. अशक्त बोटही पुरते. ज्याचे हात चालत नाहीत, त्याला विशिष्ट टोकाची काडी तोंडात धरून डाव खेळता येतो.

परंतु स्पर्शपट म्हणजे जादू नव्हे. चिन्हे बारीक असली, तर कापऱ्या हाताचा नेम चुकतो. वेळ थोडा असला, तर सावकाश हलणारे बोट हरते. दृष्टिहीन मुलाला तर गुळगुळीत काचेवर काहीच उमगत नाही. म्हणून चिन्हे मोठी असावीत, वेळ वाढविता यावा आणि आवाजाची साथ असावी. सर्वांत मोठी गरज मात्र प्रतिस्पर्ध्याची. एका मुलाच्या हाती स्पर्शपट देऊन बाकीचे पळाले, तर तो पूर्वीइतकाच एकटा राहील. धडधाकट पायांनी जरूर धावावे. पण कधी तरी थांबून समोर बसावे, खरोखरीची चाल करावी आणि हरलो तर हार मानावी.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारनाम्याने खेळण्याचा हक्क प्रत्येक मुलाला दिला असून भारताने तो १९९२ साली स्वीकारला. त्या हक्काचे रक्षण कायद्याइतकेच सवंगड्यांच्याही हाती आहे.

शब्दार्थ
जायबंदी – जखमी होऊन अपंगत्व आलेला. हस्तोद्योग – हाताने करावयाचा उद्योग.

स्वाध्याय
१. ‘गुण मोजणे म्हणजे खेळणे नव्हे’ असे का म्हटले आहे?
२. स्पर्शपटाला बोटाची जागा कशी कळते?
३. तुमच्या शाळेतील एखाद्या खेळाचा कोणता नियम बदलला, तर सर्वांना खेळता येईल? पाच-सहा वाक्यांत लिहा.