अर्धी गोळी

"अर्धी गोळी द्या," असं डॉक्टर फोनवर म्हणाले होते. पलीकडे पेशंटच्या मुलीला ऐकू आलं ते नुसतं "गोळी द्या". तिला शंका आली, तिने परत फोन लावून विचारलं, म्हणून निभावलं. सुरुवातीचा "अर्धी" हा शब्द मी केलेल्या सेटिंगमुळे गळाला होता. ओएलटीवर प्रोफाइल लावणाऱ्या, घरोघरी फायबर पोचवणाऱ्या प्रत्येकाला हे कळावं म्हणून लिहितो आहे.

फोनवरचा आवाज साधारणपणे दर २० मिलिसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटं असा जातो. "अर्धी" म्हणायला लागतात पंधरा-वीस पॅकेटं. वेबपेजचं पॅकेट हरवलं तर ते पुन्हा मागवलं जातं. बोलण्यात तेवढी सवड नसते, तिथे गेलेलं पॅकेट गेलंच.

त्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये ओएनटीला दोन फोन, बिलिंगचा कॉम्प्युटर आणि क्लाउडवर रेकॉर्डिंग करणारे ८ कॅमेरे होते. अपलोड २० एमबीपीएस. मी नियम लावला: डीएससीपी ४६ असा शिक्का असलेलं पॅकेट सर्वांत वरच्या क्यूमध्ये, आणि त्या क्यूला स्ट्रिक्ट प्रायॉरिटी. ती रिकामी झाल्याशिवाय बाकी कुणाचा नंबर लागणार नाही. सकाळी ११ वाजता तपासलं. स्पीड पूर्ण, आवाज स्वच्छ. सही घेऊन मी निघालो.

तक्रारी यायच्या त्या संध्याकाळच्याच. मी तीन फेऱ्या मारल्या. कनेक्टर पुसला, ओएनटी बदलला, पॉवर मोजली तर उणे १९ डीबीएम, अगदी चोख. चौथ्या वेळी सात वाजता पेशंटांच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसलो. ओपीडी भरलेली. कॅमेरे हालचाल दिसली की रेकॉर्डिंग पाठवणारे, त्यामुळे ऐन गर्दीत आठही चालू. प्रत्येकी ४ म्हणजे ३२ एमबीपीएस, २० च्या लाइनवर. आणि फोनही त्याच वेळी खणखणत होते. वरच्या क्यूचा ड्रॉपचा आकडा डोळ्यांसमोर चढत होता, बिलिंगची क्यू जवळपास थिजलेली. क्लिनिकच्या राउटरमध्ये कुणीतरी कॅमेऱ्यांच्या ट्रॅफिकवर ४६ चा शिक्का लावून ठेवला होता आणि मी त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला होता. डॉक्टरांचा आवाज आणि कॅमेऱ्यांचं चित्र एकाच रांगेत ढकलाढकली करत होते.

तेव्हा मला गावाकडचा पाट आठवला. पाटाचं पाणी कुणाला किती वेळ, ते पाटकरी ठरवतो. पण आपल्या पाळीत दारं धरताना आधी भाजीचा वाफा भिजवायचा की उसाची सरी, ते शेतकरी ठरवतो. जीपॉनमध्ये अपलोडचं असंच आहे. एका पोर्टवर ६४ घरं असली तर १.२४४ जीबीपीएस सर्वांत वाटून जातं. सगळ्यांनी एकदम मागितलं तर वाट्याला २० एमबीपीएससुद्धा येत नाही. कुणाची पाळी कधी, हे ओएलटी डीबीएने ठरवतो. मिळालेल्या पाळीत आधी कोणतं पॅकेट, हे ओएनटीची क्यू ठरवते. मी फक्त दुसऱ्या जागी हात घातला होता, आणि तोही चुकीचा.

दुरुस्ती तासाभराची होती. ग्राहकाच्या लॅन पोर्टवरून आलेला प्रत्येक शिक्का पुसून शून्य केला. वरचा शिक्का फक्त ओएनटीच्या फोन पोर्टलाच ठेवला. आवाजासाठी वेगळा टी-कॉन्ट दिला, ५१२ केबीपीएस फिक्स्ड. हेडर धरून एका कॉलला ९० केबीपीएसच्या आसपास लागतात, त्यामुळे दोन फोनांना ते भरपूर झालं. डेटाच्या टी-कॉन्टमध्ये स्ट्रिक्ट प्रायॉरिटी काढून वेटेड क्यू लावल्या: बिलिंगला जास्त वजन, कॅमेऱ्यांना कमी. कॅमेऱ्यांचं रेझोल्यूशनही डॉक्टरांना सांगून उतरवलं, कारण क्यूओएस बँडविड्थ वाढवत नाही. कुणी थांबायचं, एवढंच ते ठरवतं.

म्हणून माझं सांगणं असं. पॉलिसी लिहायला घेताना "कोण पुढे" याआधी "कोण थांबणार" ते ग्राहकासमोर बसून ठरवा. ज्याला स्ट्रिक्ट प्रायॉरिटी द्याल त्याला कमाल मर्यादा घातल्याशिवाय सोडू नका, नाहीतर खालच्या क्यू उपाशी मरतात. ग्राहकाच्या उपकरणाने लावलेला शिक्का तपासल्याशिवाय मानू नका. स्पीडटेस्टवर विसंबू नका. मोकळ्या लाइनवर चुकीची पॉलिसीही बरोबरच दिसते, कारण रांगच लागलेली नसते. आणि तक्रार ठरावीक वेळेची असेल तर फायबर पुसण्याआधी त्या वेळी तिथे जाऊन बसा. मी तीन फेऱ्या वाया घालवल्या, तेवढे दिवस त्या फोनवरून औषधांची मात्रा सांगितली जात होती.

सही घेण्याआधी लॅपटॉपवरून मोठी फाइल पाठवून लाइन मुद्दाम तुंबवा. मग त्याच तुंबलेल्या लाइनवर फोन लावा, पलीकडच्याला एक वाक्य सावकाश वाचून दाखवा आणि त्यातला शब्द न् शब्द त्याला ऐकू आला तरच तिथून निघा.