‘वर्क’ म्हणजे काम?

इंग्रजीच्या अगदी आरंभीच्या पाठांत ‘वर्क म्हणजे काम’ असे आपण घोकतो, आणि तो शब्द आपणांस आला अशा समजुतीत राहतो. वस्तुतः त्याची ओळख तेथे नुकतीच सुरू झालेली असते. या लहानशा शब्दाचा पसारा केवढा आहे, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम नित्याची उदाहरणे घेऊ. घड्याळ ‘वर्क’ करते, तेव्हा मराठीत ते चालते. औषध ‘वर्क’ करते, तेव्हा ते लागू पडते. युक्ती ‘वर्क’ करते, तेव्हा ती साधते. गणित ‘वर्क आउट’ करावयाचे म्हणजे सोडवावयाचे. ‘होमवर्क’ला आपण गृहपाठ म्हणतो, त्यात ‘काम’ हा शब्दच नाही. शेक्सपिअरचे ‘वर्क्स’ म्हणजे त्याची नाटके व कविता. ‘पब्लिक वर्क्स’ म्हणजे मात्र रस्ते, पूल आणि इमारती. या खात्यास महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम खाते म्हणतात, तर आपल्या कर्नाटकात ‘लोकोपयोगी इलाखे’ असे त्याचे कानडी नाव आहे. मराठीने काय केले जाते ते पाहिले; कानडीने कोणासाठी केले जाते ते पाहिले.

‘वर्कशॉप’ हा शब्द हुबळीकरांस समजावून सांगावयास नको. सदर्न मराठा रेल्वेच्या काळात, १८८५ साली, येथे रेल्वेचा कारखाना सुरू झाला. त्याच्या नावात ‘शॉप’ असले तरी तेथे काही विकले जात नाही! घडीव लोखंडास इंग्रजीत ‘रॉट आयर्न’ म्हणतात. त्यातील ‘रॉट’ हे ‘वर्क’ या क्रियापदाचेच जुने रूप होय. म्हणजे ‘घडविणे’ हा अर्थही या शब्दात पूर्वीपासून आहे.

आपला ‘काम’ हा शब्दही काही साधा नाही. संस्कृत ‘कर्म’, प्राकृत ‘कम्म’ आणि मराठी ‘काम’ असा त्याचा प्रवास. नट नाटकात काम करतो, वीर रणांगणावर कामी येतो, आणि शेजारी दारात येऊन म्हणतो, “माझे तुमच्याकडे काम आहे.” याच वाक्याचे शब्दशः भाषांतर करून आपले विद्यार्थी ‘आय हॅव अ वर्क विथ यू’ असे लिहितात, आणि तेथे फसतात. इंग्रजीत ‘वर्क’च्या आधी ‘अ’ आला, की बहुधा ग्रंथ किंवा कलाकृती असा अर्थ होतो. एखादे विशिष्ट काम सांगावयाचे असल्यास ‘अ टास्क’ किंवा ‘अ जॉब’ म्हणावे.

आता विज्ञानाच्या वर्गात जाऊ. १८२९ साली कोरिऑलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने या कल्पनेस निश्चित शास्त्रीय अर्थ दिला. बल लावल्यामुळे वस्तू बलाच्या दिशेने सरकली, तरच ‘कार्य’ झाले. हुबळी स्थानकाचा १,५०७ मीटर लांबीचा फलाट जगातील सर्वांत लांब म्हणून २०२३ साली प्रसिद्ध झाला. समजा, तेथे एका हमालाने २० किलोग्रॅमचे ओझे जमिनीपासून दीड मीटर उचलून डोक्यावर घेतले. त्याने सुमारे २९४ ज्यूल कार्य केले. पुढे तो एकसारख्या गतीने फलाटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. ओझे पेलणारे बल वरच्या दिशेने, आणि चालणे आडव्या दिशेने. म्हणून या साऱ्या वाटेवर त्या बलाने केलेले कार्य शून्य! शास्त्र चुकत नाही. परंतु हमालाची मान दुखते आणि त्याला घाम येतो, हेही खोटे नाही. शास्त्राने शब्दाचा एकच अर्थ निवडला आहे, एवढेच.

असाच एक अर्थ शासनानेही निवडला आहे. जनगणनेत केवळ स्वतःच्या घरचा संसार सांभाळणाऱ्या स्त्रीची गणना काम न करणाऱ्यांत होते. २०११ च्या जनगणनेतही तसेच होते. तीच स्त्री दुसऱ्याच्या घरी वेतन घेऊन स्वयंपाक करू लागली, की ती काम करणारी ठरते. मोजणीसाठी अशी व्याख्या लागत असेल. पण आपल्या मनाने ती जशीच्या तशी का स्वीकारावी?

बाराव्या शतकात याच कन्नड भूमीत बसवेश्वरांनी व शरणांनी ‘कायक’ हा शब्द थोर केला. काया झिजवून प्रामाणिकपणे केलेला कोणताही उद्योग म्हणजे कायक. मडिवाळ माचय्या परीट होते, अंबिगर चौडय्या नावाडी होते. तिकडे पंढरीच्या वाटेवर सावता माळी व गोरा कुंभार यांनीही आपला व्यवसाय हीच भक्ती मानली. येथे कामाचे मोल वेतनावर ठरत नाही, आणि ज्यूलवरही नाही.

तात्पर्य, शब्दाचा अर्थ केवळ कोशात पाहून भागत नाही. तो कोणी, कोठे व कशासाठी योजला आहे हे पाहावे लागते. ‘माझी आई’ या विषयावर इंग्रजी निबंध लिहिताना अनेक मुले सहज लिहून जातात, ‘माय मदर डज नॉट वर्क’. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य शुद्ध आहे. पण पहाटे सर्वांच्या आधी उठून तुमचा डबा भरणारी ती माऊली आठवा, आणि त्याऐवजी लिहा: ‘माय मदर वर्क्स ॲट होम’. व्याकरण तेवढेच शुद्ध राहील, आणि वाक्य खरेही होईल.