जहाजावरचं ब्लॅकजॅक: तासाला किती पडतं?

सिंगापूरच्या सहलीला जोडून दोन-तीन रात्रींची क्रूझ करणं आता मराठी घरांत नवलाईचं राहिलेलं नाही. तिकिटात जेवण येतं, करमणुकीचे कार्यक्रम येतात, पोहण्याचा तलाव येतो. कॅसिनो तेवढा येत नाही. जहाज बंदर सोडून खोल समुद्रात गेलं की कॅसिनोचं दार उघडतं आणि सहज चक्कर मारायला गेलेली मंडळी ब्लॅकजॅकच्या टेबलापाशी थबकतात. पत्ते ओळखीचे, डाव झटपट, एकवीसच्या आत राहायचं एवढंच. पण रमीत हात मुरलेला माणूसही इथे अंदाजानं खेळतो आणि तो अंदाज महाग पडतो. घरी चार संध्याकाळ सराव केला, तर हा खर्च निम्म्यावर येतो. शिकून तुम्ही कमवायला लागाल, असं मात्र नाही. करमणुकीची किंमत कमी होते आणि ती आधी कळते, फायदा एवढाच. तोही लहान नाही.

खेळ थोडक्यात

राजा, राणी, गुलाम आणि दश्शी यांचे प्रत्येकी १०. एक्का सोयीप्रमाणे १ किंवा ११. बाकीचे पत्ते आपापल्या आकड्याइतके. लढत शेजारच्या भिडूंशी नसते, फक्त डीलरशी. तुम्ही २१ च्या वर गेलात की लावलेले पैसे तिथेच गेले. नंतर डीलरही २१ च्या वर गेला, तरी ते परत मिळत नाहीत. आधी खेळायचं तुम्ही, या एका नियमावर कॅसिनोची कमाई उभी आहे.

डीलरला मात्र मर्जी नसते. १६ पर्यंत पत्ता घ्यायचा, १७ ला थांबायचं. तो काय करणार हे ठरलेलं असल्यामुळे आपण काय करावं, याचं गणित मांडता येतं. अमेरिकी लष्करातल्या रॉजर बाल्डविन आणि त्यांच्या तिघा सहकाऱ्यांनी ते १९५६ साली संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापलं. आजही शिकायचं ते तेच.

किंमत टेबलावर लिहिलेली असते

बसण्याआधी टेबलाच्या कापडावरचा मजकूर वाचा. पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का आणि दहाचं पान आलं की त्याला ब्लॅकजॅक म्हणतात. त्याचे पैसे ‘३ ला २’ या दरानं मिळाले, तर १० डॉलरवर १५ डॉलर येतात. ‘६ ला ५’ असेल, तर १२. तीन डॉलरनं काय बिघडतं, असं वाटेल. पण शंभर डावांत असा हात साधारण चार-पाच वेळा येतो. म्हणजे तेवढ्यात १३-१४ डॉलर केवळ टेबल चुकीचं निवडल्यामुळे जातात.

तासाचा हिशेब

भरलेल्या टेबलावर तासाला साधारण ६० डाव होतात. डावाला १० डॉलर लावले, तर तासाची उलाढाल ६०० डॉलर. एक सिंगापूर डॉलर ६५ रुपये धरला, तर सरासरी खर्च असा:

- ३ ला २ चं टेबल, सराव करून: सुमारे अर्धा टक्का, म्हणजे ३ डॉलर (१९५ रुपये)
- ६ ला ५ चं टेबल, सराव करून: सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ डॉलर (७८० रुपये)
- ६ ला ५ चं टेबल, अंदाजानं: सुमारे चार टक्के, म्हणजे २४ डॉलर (१,५६० रुपये)

तीन रात्री दोन-दोन तास बसलात, तर हेच आकडे १,१७०, ४,६८० आणि ९,३६० रुपये होतात.

ही सरासरी झाली. एका तासात ८०-९० डॉलर वर किंवा खाली जाणं अगदी नेहमीचं आहे. म्हणून एका संध्याकाळसाठी निदान वीस डावांचे पैसे, म्हणजे २०० डॉलर, वेगळे ठेवा. ते सगळे गेले तरी सहलीचा विरस होणार नाही, अशीच ती रक्कम हवी. १३,००० रुपये जड वाटत असतील, तर बसू नका. उभं राहून बघायला पैसे पडत नाहीत.

रिकामं टेबल टाळा. तुम्ही एकटेच असाल तर डाव तिप्पट वेगानं होतात आणि खर्चही तिपटीनं वाढतो.

घरचा सराव

पत्त्यांचे दोन कॅट आणि वाटीभर चिंचोके एवढं पुरतं. एकानं डीलर व्हायचं, दुसऱ्यानं दर डावाला एक चिंचोका लावायचा. हे नियम कागदावर लिहून समोर ठेवा:

- १७ किंवा जास्त: थांबा.
- १३ ते १६: डीलरचं उघडं पान २ ते ६ असेल तर थांबा, ७ किंवा वरचं असेल तर पत्ता घ्या.
- १२: डीलरचं पान ४ ते ६ असेल तरच थांबा.
- १०: डीलरचं पान २ ते ९ असेल तर पैसे दुप्पट करा (मग एकच पत्ता मिळतो). ११: २ ते १० ला दुप्पट.
- एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी फोडा, म्हणजे दोन वेगळे हात करून दुसऱ्यावरही तेवढेच पैसे लावा. दहाच्या पानांची आणि पंज्यांची कधीही फोडू नका.
- एक्का ११ धरला असेल तर बेरजेचे वरचे नियम सोडा: १७ किंवा कमी असेल तर पत्ता घ्या, १९ ला थांबा. १८ असेल तर फक्त ९, १० किंवा एक्क्यापुढे घ्या.

चूक कुठे होते, ते एका डावात दिसतं. तुमच्याकडे दश्शी आणि छक्की, डीलरचा राजा. सोळा. हात आखडतो, ‘राहू दे’ असं तोंडून जातं. तरीही पत्ता घ्यायचा, कारण राजासमोर सोळावर थांबणं त्याहून वाईट. उलट तुमच्याकडे दश्शी आणि तिर्री, डीलरची छक्की. तेरा बघून पत्ता मागावासा वाटतो. तिथे थांबायचं. पंजी किंवा छक्की उघडी असताना डीलर शंभरातून सुमारे ४२ वेळा २१ च्या वर जातो. असे दोनशे डाव झाले की कागदाकडे बघावं लागत नाही.

काही जहाजांवर डीलर दुसरं पान सगळ्यांचे डाव झाल्यावरच घेतो. तिथे डीलरचं दहाचं पान किंवा एक्का दिसत असेल, तर पैसे दुप्पट करू नका आणि अठ्ठ्याही फोडू नका. त्याचा ब्लॅकजॅक निघाला तर दोन्ही वाटे जातात.

टेबलावर बसताना

नोटा डीलरच्या हातात देऊ नका, टेबलावर ठेवा. पत्ता हवा तर बोटानं टेबलावर टिचकी, नको तर तळवा आडवा फिरवा; कॅमेऱ्यासाठी ही खूण लागते. पत्ते उघडे वाटले असतील, तर त्यांना हात लावू नका. वाटप सुरू झालं की लावलेल्या चिप्सनाही नाही.

नजरेआड राहणारे खर्च

डीलरचा एक्का दिसला की ‘इन्शुरन्स’, म्हणजे त्याचा ब्लॅकजॅक निघेल यावरची जादा पैज, हवा का, असं विचारतात. दर वेळी ‘नको’ म्हणा. त्यावर कॅसिनोचा वाटा सुमारे सात टक्के असतो. जोडी किंवा रंग जुळण्यावर लावायच्या जादा चौकटीही सहसा मूळ खेळापेक्षा कितीतरी महाग असतात. खोलीच्या खात्यावर चिप्स घेतल्या, तर काही जहाजं वर टक्केवारी लावतात, आधी विचारा. जिंकलात तर आणखी एक गोष्ट: भारतात राहणाऱ्या माणसाला अशा कमाईवर सरसकट ३० टक्के आयकर आणि वर उपकर आहे, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही.

गोव्यात खेळणार असाल तर

पणजीला मांडवीतल्या जहाजांवर हिशेबच बदलतो. कॅसिनोवरचा जीएसटी १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. तो चिप्ससाठी मोजलेल्या रकमेवर लागतो. तो वेगळा घेतात की चिप्समधून वळता करतात, हे काउंटरवर विचारून मगच पैसे काढा. घरी शिकून आपण टक्का-दोन टक्के वाचवतो आणि कर त्याच्या कितीतरी पट असतो. तिथे कमी चिप्स घेणं हीच खरी बचत. प्रवेशाला २१ वर्षं पूर्ण लागतात आणि गोव्याच्या रहिवाशांना फेब्रुवारी २०२० पासून खेळायला बंदी आहे.

एवढं पाळा

ठरवलेली रक्कम पाकिटात मोजून न्या, कार्ड खोलीत ठेवा, दोन तासांचा गजर लावा. गेलेले पैसे परत मिळवायला बसणं हा या खेळातला सगळ्यांत महाग डाव आहे. सहलीहून परतल्यावरही खेळायची ओढ सुटत नसेल, तर संकोच न करता टेली मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोला. आणि ३ ला २ चं टेबल जहाजावर सापडलंच नाही, तर मी सांगेन: त्या रात्री डेकवर जाऊन समुद्र बघा.